ट्रान्समिशनचं नंतर बघू, आधी ४०१(के)चा फॉर्म थांबवा

डेन्व्हरच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ४४, दोघंही नोकरीत, दोन मुलं. २००८ सालची निसान एक्सटेरा ही एसयूव्ही नऊ हजार डॉलरला मिळते आहे आणि तिच्यामागे ओढायला २४ हजारांचा कॅम्पिंग ट्रेलर पसंत केला आहे. ‘इंजिन-ट्रान्समिशनची चिंता नको’ म्हणून डीलर ३,८०० डॉलरचं सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे बिघाडाचा खर्च भरून देण्याचा करार, गळ्यात घालतो आहे. ते घ्यावं का, एवढाच प्रश्न. शेवटी जाता जाता लिहिलंय: ‘कर्ज नको म्हणून जुन्या कंपनीच्या ४०१(के)मधून पैसे काढतोय. ट्रेलर उन्हाळ्यात भाड्याने देऊन बरेचसे वसूल होतील.’

कॉन्ट्रॅक्ट घेऊ नका. पण मला घोर लागला तो त्या जाता जाता लिहिलेल्या वाक्याचा. ४०१(के) म्हणजे नोकरीत असताना साठवलेला निवृत्तीचा पैसा.

गाडी, ट्रेलर आणि कॉन्ट्रॅक्ट मिळून तुम्हाला हातात हवेत ३७ हजार. साडेएकोणसाठच्या आत पैसे काढले की १० टक्के दंड. तुमच्या पगारांवर २२ टक्के फेडरल कर आणि वर कोलोराडोचे साडेचारच्या आसपास. म्हणजे शंभरातले ३६ गेले. ३७ हजार हातात यायला ५८ हजार काढावे लागतील, आणि त्यातला काही भाग वरच्या स्लॅबमध्ये गेला तर आणखी. कंपनी सुरुवातीला फक्त २० टक्के फेडरल कर कापते, त्यामुळे सगळं मिटलं असं वाटतं आणि उरलेलं बिल एप्रिलमध्ये दारात येतं. हेच ५८ हजार वीस वर्षं राहिले आणि महागाई वजा जाता पाच टक्क्यांनी वाढले, तर आजच्या किमतीत दीड लाखाच्या वर जातात. तुम्ही कर्ज टाळत नाही आहात, स्वतःच्या म्हातारपणाकडून उसनं घेत आहात.

भाड्याचं उत्पन्न शून्य धरा. डोंगरातला हंगाम जेमतेम तीन-चार महिन्यांचा, आणि त्याच शनिवार-रविवारी तुम्हालाही जायचं असणार. साध्या विमा पॉलिसीत भाड्याने दिलेला ट्रेलर सहसा बसत नाही.

आता गाडी. एक्सटेराची ओढण्याची मर्यादा ५,००० पाऊंड. ट्रेलर ४,३०० चा म्हणता, पण ते रिकामं वजन. चाळीस गॅलन पाणी भरलं की ३३० पाऊंड वाढले. गॅसच्या टाक्या, बॅटरी, खुर्च्या, शिधा धरला की पाच हजार गाठलेच. त्यातले १० ते १५ टक्के, म्हणजे सहाशेच्या आसपास, हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडावर, येतात. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा फोटो तुम्हीच पाठवलाय: माणसं आणि सामान मिळून साधारण हजार पाऊंड. चौघांचे साडेपाचशे धरले तर एकही बॅग न ठेवता दीडशे पाऊंड जास्त. डीलरने हा हिशोब तुमच्यासमोर मांडायला हवा होता.

त्यात तुमचा रस्ता म्हणजे डोंगरात चढणारा आय-७० महामार्ग. आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. २६१ हॉर्सपॉवरचे तिथे पावणेदोनशेच्या आसपास उरतात. सहा-सात टक्के चढावर मग गाडी खालच्या गिअरमध्ये किंचाळते, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून ट्रान्समिशनला देणारा भाग) घसरत राहतो आणि ट्रान्समिशनचं तेल तापतं. ते थंड होतं रेडिएटरच्या पोटातल्या कूलरमध्ये. २००५ ते २०१० च्या एक्सटेरा, पाथफाइंडर, फ्रंटियरमध्ये नेमका हाच कूलर आतून फुटण्याचा दोष गाजला. रेडिएटरमधलं कूलंट ट्रान्समिशनच्या तेलात शिरतं, क्लच प्लेटांचं अस्तर सुटतं आणि ट्रान्समिशन बसतं. कंपनीने रेडिएटरची वॉरंटी वाढवून दिली होती, पण ती मुदत केव्हाच संपली.

तुम्ही जोडलेल्या कॉन्ट्रॅक्टचं सहावं पान वाचा. आधीपासूनचा दोष, जास्त तापल्याने झालेलं नुकसान, मर्यादेपेक्षा जास्त वजन ओढणं, तिन्ही वगळलेलं. म्हणजे तुमच्या बाबतीत जे होऊ शकतं तेच नेमकं बाहेर. असं कॉन्ट्रॅक्ट ट्रेलर ओढणाऱ्याला विकणं ही फसवणूक आहे, आणि मी हे सौम्य शब्दात म्हणणार नाही.

गाडी आवडलीच असेल तर ओळखीच्या मेकॅनिकला ट्रान्समिशनचं तेल काढून बघायला सांगा. गुलाबी, दुधाळ दिसलं तर तिथूनच परत फिरा. स्वच्छ लाल असेल तर नवा रेडिएटर आणि बाहेर बसणारा वेगळा कूलर लावून घ्या. हजार-बाराशेत काम होईल. भरलेलं वजन ३,५०० च्या आतला ट्रेलर बघा. तोही पहिले दोन उन्हाळे भाड्याने घ्या, मुलांना आवडतंय का ते कळेल. दरमहा ४०० बाजूला टाकले तर दोन वर्षांत साडेनऊ हजार जमतात.

४०१(के)चा फॉर्म भरला असेल तर पाठवू नका. पैसे आलेच असतील तर मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत आयआरएमध्ये (स्वतःच्या नावाने उघडायच्या निवृत्ती खात्यात) भरा, आणि कापलेले २० टक्केही खिशातून घालून पूर्ण रक्कम भरा. नाहीतर तेवढ्या भागावर कर आणि दंड लागेल. घातलेले पैसे पुढच्या वर्षी रिटर्न भरल्यावर हिशोबात परत मिळतील.