मान्यता नाही म्हणजे नेमके काय नाही?

जून 2024 मध्ये इंदूरच्या लोकमान्यनगरातील एक कुटुंब प्रवेशाबाबत सल्ला घ्यायला माझ्याकडे आले होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. मुलीला रोबोटिक्स शिकायचे होते आणि त्या विषयाची बी.टेक. पदवी शहराबाहेरच्या एका खासगी विद्यापीठात आदल्याच वर्षी सुरू झाली होती. दुसरा पर्याय शहरातील जुन्या महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्सचा होता. वडिलांनी बसता बसताच विचारले, "ताई, त्या कोर्सला मान्यताच नाही म्हणतात. पोरीची चार वर्षे पाण्यात तर जाणार नाहीत ना?"

हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात ऐकू येतो. गोंधळाचे मूळ असे आहे, की 'मान्यता' या एकाच शब्दात आपण तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतो. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 1956 च्या कायद्यानुसार असतो. तो नसेल तर पुढे बोलण्यासारखे काहीच उरत नाही. एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, मंजुरी ही दुसरी गोष्ट आहे. संलग्न महाविद्यालयाला ती लागते, मात्र विद्यापीठाला नवा तांत्रिक अभ्यासक्रम सुरू करण्यासाठी तिची पूर्वपरवानगी बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये भारतीदासन विद्यापीठाच्या खटल्यात ठरवले. तिसरी गोष्ट म्हणजे एनबीएची, अर्थात राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळाची, अधिस्वीकृती, म्हणजे दर्जा तपासून दिलेली पावती. ती संपूर्ण संस्थेला नव्हे, तर एकेका अभ्यासक्रमाला मिळते. त्यामुळे प्रवेशद्वारावरच्या फलकावर 'एनबीए' ही अक्षरे दिसली तरी ती नेमकी कोणत्या शाखेसाठी आहेत, हे विचारावेच लागते.

या विद्यापीठाचे नाव यूजीसीच्या यादीत होते, ते आम्ही तिथेच बसून पाहिले. म्हणजे पदवी वैध होती आणि एम.टेक. प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेचा रस्ताही मोकळा होता. नव्हती ती अधिस्वीकृती. "पुढच्या वर्षी एनबीए येणारच," असे प्रवेश कार्यालयाने वडिलांना छातीठोकपणे सांगितले होते. मी कागदावर हिशेब मांडला. एनबीएकडे अर्ज करण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमाच्या किमान दोन तुकड्या उत्तीर्ण होऊन बाहेर पडलेल्या असाव्या लागतात. पहिली तुकडी 2027 मध्ये आणि दुसरी 2028 मध्ये बाहेर पडणार होती, आणि ती दुसरी तुकडी म्हणजे हीच मुलगी. जी गोष्ट तिच्या पदवीआधी नियमानेच मिळू शकत नव्हती, तिचे आश्वासन देणाऱ्यांच्या इतर बोलण्यावर किती विसंबायचे, हे मी वडिलांवर सोपवले.

आजोबा एवढा वेळ गप्प होते. ते 1952 मध्ये सुरू झालेल्या इंदूरच्या एसजीएसआयटीएस या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे जुने विद्यार्थी. "आमच्या वेळी असले कोणी विचारत नव्हते," असे ते म्हणाले, आणि ते खरेही होते, कारण एनबीएची स्थापनाच 1994 मधली आहे. अधिस्वीकृती नसणे हा दोष नव्हे, हे मलाही पटते. परदेशात अभियंता म्हणून परवाना घ्यायचा असेल तर मात्र तिचे वजन वाढते. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन या आंतरराष्ट्रीय कराराचा भारत 2014 मध्ये कायम सदस्य झाला असला, तरी तिथली समकक्षता एनबीएच्या 'टिअर वन', म्हणजे विद्यापीठे व स्वायत्त संस्थांच्या गटातील, अभ्यासक्रमांपुरतीच आहे. मुलीच्या मनात परदेश नव्हता, म्हणून तो विषय आम्ही लांबवला नाही.

नव्या अभ्यासक्रमावर बाहेरच्या कोणी शिक्का मारलेला नसतो, तेव्हा ती तपासणी आपल्यालाच करावी लागते. मी मुलीला आठही सत्रांची विषयसूची मागवायला आणि एकदा प्रयोगशाळा पाहून यायला सांगितले. आठवड्याने ती वही घेऊन आली. रोबोटिक्सचा कणा असलेला 'कंट्रोल सिस्टिम्स' हा विषय सहाव्या सत्रात, तोही ऐच्छिक होता. यंत्रशास्त्राचा एकच पेपर होता. पायथन आणि डेटा सायन्सला मात्र पाच. प्रयोगशाळेतील दोन यांत्रिक हातांवरचे प्लास्टिक अजून निघालेले नव्हते आणि शिकवणारे बहुतेक जण संगणक विभागातून तासापुरते येत होते. "हा रोबोटिक्सचे नाव दिलेला कॉम्प्युटरचाच कोर्स आहे," असे ती म्हणाली, आणि त्यात मला भर घालण्याची गरज वाटली नाही. सूची भक्कम असती आणि पूर्णवेळ प्राध्यापक असते, तर त्याच पदवीला मी होकार दिला असता, अधिस्वीकृतीविनाही.

तिने इलेक्ट्रॉनिक्स घेतले. प्रवेशाच्या दिवशी तिचा फोन आला. महाविद्यालयाने दाखवलेल्या एनबीएच्या पत्रावरची मुदत 2026 मध्ये संपत होती, तिच्या पदवीच्या दोन वर्षे आधी. शुल्क भरण्यापूर्वी तिने कार्यालयात नूतनीकरणाबद्दल विचारले होते आणि बाबू जरा चिडले होते. "ताई, मी जास्त बोलले का?" असे तिने विचारले. मी तिला म्हटले, उत्तर लेखी मागून घे.