जाहिरातीत मागितलेले सगळे येत नाही, मग अर्ज करावा का?

बी.कॉम. होऊन वर्ष उलटलेली, सोलापूरच्या पूर्व भागात राहणारी एक तरुणी वडिलांसोबत माझ्याकडे नोकरीविषयी सल्ला घ्यायला आली होती. तिने दाखवलेल्या अकाउंट्स असिस्टंटच्या एकाच जाहिरातीत टॅली (हिशेबाचे सॉफ्टवेअर), जीएसटी, टीडीएस (पैसे देतानाच केली जाणारी करकपात), एक्सेल, पॉवर बीआय (डेटा विश्लेषणाचे सॉफ्टवेअर), अस्खलित इंग्रजी आणि दोन वर्षांचा अनुभव एवढे सारे मागितलेले होते. “सर, यातले निम्मेही मला येत नाही,” ती म्हणाली. यंत्रमागावर काम करणारे तिचे वडील कर्ज काढून तिला डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स लावून देण्याच्या विचारात होते. अशी धास्ती घेऊन येणारी मुले मला वारंवार भेटतात आणि कर्जाचा विषय निघाला की मला खरोखर काळजी वाटते.

एक जाहिरात म्हणजे त्या एका मालकाची अपेक्षा असते; पुष्कळदा तर ती जुन्या जाहिरातीवरून तशीच उतरवलेली असते. मागणी समजते ती अनेक जाहिराती शेजारी ठेवल्यावर. म्हणून केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिस या पोर्टलवरून आणि खासगी पोर्टलांवरून वीस-पंचवीस जाहिराती वहीत उतरवण्यास मी तिला सांगितले. एकच काम कुठे ‘अकाउंटंट’, कुठे ‘बिलिंग एक्झिक्युटिव्ह’, तर कुठे ‘टॅली ऑपरेटर’ या नावाने येते, त्यामुळे पदनामापेक्षा कामाचे वर्णन वाचायचे होते. भरती एजन्सींनी पुन्हा टाकलेली तीच जागा एकदाच मोजायची होती. आणि ‘आवश्यक’ व ‘असल्यास प्राधान्य’ यांचे रकाने वेगळे ठेवायचे होते.

वही भरली तेव्हा टॅली, जीएसटीची विवरणपत्रे, बँकेचा ताळमेळ आणि एक्सेल जवळजवळ सर्वत्र आढळले. पॉवर बीआय मोजक्याच ठिकाणी होते, तेही बहुतेक पुण्यातील मोठ्या कंपन्यांत आणि प्राधान्याच्या रकान्यात. ‘संवादकौशल्य’ सगळीकडेच होते, त्यामुळे त्यावरून निवड करता येत नव्हती.

मात्र सोलापुरात एवढ्यावर थांबणे मला धोक्याचे वाटते. येथील टॉवेल-चादरीचे कारखाने, गणवेश शिवणारे उद्योग आणि बाजार समितीतील आडत दुकाने यांची बरीचशी भरती ओळखीतून होते; पोर्टलवर त्यांची जागा दिसत नाही, याचा अर्थ त्यांना माणूस नको असा होत नाही. म्हणून तिला मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतील काही कारखान्यांत आणि एका करसल्लागाराकडे चौकशीला पाठवले. कारखान्यांत पहिला प्रश्न आला तो ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा दस्तऐवज, काढता येते का, हा. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात पाठवताना ते सर्वसाधारणपणे लागतेच आणि येथील माल तर रोज बाहेर जातो. तरीही तिच्या वहीत त्याचा उल्लेख क्वचितच होता.

वही पाहून वडिलांनी कर्जाचा विचार तूर्त बाजूला ठेवला. ती आता त्याच करसल्लागाराकडे विवरणपत्रे भरण्याचे आणि ई-वे बिलाचे काम शिकते आहे, आणि ‘आवश्यक’ रकान्यातील बहुतेक गोष्टी जुळतात तेथे, पॉवर बीआय येत नसतानाही, अर्ज करते आहे.