पिकअपच्या बॅटरीवर २ एचपीचा कंप्रेसर चालेल का?

भाऊ, तुम्ही विचारलंय की बोलेरो पिकअप घेतोय, फिरतं पंक्चरचं काम करायचंय, घरी २ एचपीचा कंप्रेसर पडून आहे, तर तो इन्व्हर्टर टाकून गाडीच्या बॅटरीवर चालेल का. सरळ सांगतो, नादी लागू नका. कागदावर चालतो. मी पण आधी कागदावरच चालवला होता आणि मग चंदनापुरी घाटाच्या अलीकडे रात्री साडेदहाला जळक्या वायरचा वास घेत उभा होतो.

हिशोब बघा. १ एचपी म्हणजे ७४६ वॉट, दोनचे झाले दीड किलोवॉट, पण तो मोटारीच्या शाफ्टवर मिळणारा जोर झाला, लाईनमधून मोटार १९००-२००० वॉट खाते. घरी २३० व्होल्ट असतात म्हणून ते दहाएक अँपिअरमध्ये भागतं आणि साध्या वायरवर काम होतं. तेच २००० वॉट १२ व्होल्टमधून काढायला गेलात की इन्व्हर्टरमधला लॉस धरून १९० अँपिअर होतात! आणि हे मोटार फिरायला लागल्यावरचं, सुटताना ती पाच-सहा पट ओढते. आता पिकअपचा डायनामो (अल्टरनेटर हो, आमच्याकडे सगळे डायनामोच म्हणतात) असतो साधारण ७० ते १०० अँपिअरच्या घरात, नेमका आकडा त्याच्या बॉडीवरच्या पट्टीवर वाचून घ्या, आणि तेवढे सुद्धा रेस दिल्यावर, गाडी स्लोला असली की बरेच कमी, त्यातून परत हेडलाईट, फॅन, गाडीचं स्वतःचं खाणं वेगळं. उरलेलं सगळं बॅटरीतून जाणार, आणि गाडीची बॅटरी सेल्फ मारायला बनवलेली असते, चार सेकंद जोर लावायचा आणि गप्प बसायचं, तिला रोज खालीपर्यंत उतरवलं तर ती काही महिन्यांत मरते.

माझं काय झालं ते ऐका. दुकानदार म्हणाला ३००० वॉटचा इन्व्हर्टर आहे, बिनधास्त लावा. मी लावला. बॅटरी बोनेटमध्ये, इन्व्हर्टर मागे हौद्यात, मध्ये १० स्क्वेअर एमएमची वायर, जाऊन येऊन ८ मीटर. आता एवढ्या वायरीत १९० अँपिअर सोडले तर पावणेतीन व्होल्ट वायरीतच जातात, म्हणजे बॅटरीवर १२ आणि इन्व्हर्टरला मिळतात सव्वानऊ, तो बिचारा लो व्होल्टेज म्हणून टूंऽऽ करून बंद. मला वाटलं रेस दिली की होईल. पोराला ॲक्सिलरेटर दाबून बसवला, परत बटण टाकलं, मोटार घुंऽऽ करते पण फिरत नाही, इन्व्हर्टर ट्रिप. तिसऱ्यांदा बॅटरीच्या टर्मिनलवरचा लग (वायरच्या टोकाला दाबून बसवतात तो धातूचा तुकडा) लाल व्हायला लागला, तो मी नीट दाबलेला नव्हता, पकडीने चेपला होता नुसता, आणि त्यावरचं प्लॅस्टिक थेंब थेंब गळालं. फ्यूज? टाकलाच नव्हता. नशीब चांगलं की काही पेटलं नाही. पाना घेऊन निगेटिव्ह काढला, आणि वर इतकी बॅटरी उतरली की गाडीच सुरू होईना, एका कांद्याच्या गाडीवाल्याने धक्का दिला. गिऱ्हाईक ते बघतच होतं.

त्यामुळे आधी हे ठरवा की हवा कुठल्या टायरात भरायची. सगळा खेळ तिथे आहे.

कार, टू-व्हीलर, रिक्षा एवढंच असेल तर गाडीवर कंप्रेसर चालवायचाच कशाला, हवाच घेऊन जा! घरी लाईटवर टाकी भरायची आणि निघायचं. १०० लिटरची टाकी ८ किलो प्रेशरपर्यंत (बाहेरच्या हवेच्या साधारण आठ पट) भरली आणि ३ किलोपर्यंत वापरली तर तिच्यातून ५०० लिटर मोकळी हवा, म्हणजे बाहेरच्या साध्या दाबाला मोजलेली, निघते. कारच्या टायरात साधारण २५-३० लिटरची जागा असते, ३३ पीएसआयला त्यात ६०-६५ लिटर मोकळी हवा जाते, म्हणजे एका टाकीत सातेक रिकामे टायर. नुसती पाच-दहा पीएसआय कमी असलेली टॉपअप करायची असेल तर दिवसभर पुरते. टाकी मात्र हौद्यात पट्ट्यांनी पक्की बांधा, सेफ्टी व्हॉल्व्ह चालू आहे का ते रिंग ओढून बघत जा, आणि पावसाळ्यात रोज खालचा कॉक उघडून पाणी काढा, नाहीतर टाकी आतून गंजते आणि भरलेली गंजकी टाकी म्हणजे बॉम्बच आहे.

सोबतीला १२ व्होल्टचा डबल सिलिंडरवाला छोटा पंप ठेवा, बॅटरीला चिमटे लावायचा. तो २५-३० अँपिअर खातो, इंजिन चालू ठेवलं की डायनामोला सहज झेपतं. फक्त सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये असला पंप घालू नका, तिथला फ्यूज १०-१५ अँपिअरचा असतो, दुसऱ्या मिनिटाला उडतो.

आता ट्रक, ऊसवाल्या ट्रॉल्या, डंपर असलं काम असेल तर गोष्टच वेगळी. ट्रकच्या १०.०० आर २० टायरात सव्वाशे लिटरच्या आसपास जागा आणि प्रेशर ११० पीएसआय, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साडेसात पट, हजार लिटरच्या जवळपास मोकळी हवा झाली, तुमची अख्खी टाकी एका टायरलाही पुरत नाही. (ट्रकवाले एकमेकांना एअर ब्रेकच्या टाकीतून पाईप लावून हवा देतात ते तुम्ही बघितलं असेल, पण त्यांच्या इंजिनवर मुळातच कंप्रेसर असतो, पिकअपला हायड्रॉलिक ब्रेक, तिच्यात तसलं काहीच नाही.) इथे सरळ पेट्रोल इंजिनवर पट्ट्याने फिरणारा कंप्रेसर हौद्यात बसवा. मी आता तेच वापरतो, १६३ सीसीचं इंजिन, दोन सिलिंडरचं हेड, तासाला लिटर-सव्वालिटर पेट्रोल जातं पण ट्रकचा टायर चार-पाच मिनिटांत उभा राहतो. गाडीच्या बॅटरीशी संबंधच नाही. आवाज भयंकर आहे, तेवढं सोसायचं. बंद बॉडी असेल तर आत चालवू नका, धुराने माणूस जातो, आणि कंप्रेसरचा हवा ओढणारा फिल्टर सायलेन्सरच्या उलट बाजूला ठेवा. जनरेटर घेऊन त्यावर घरचा कंप्रेसर चालवू असंही मनात येईल, तर स्टार्टिंगचं दुखणं तिथेही आहे, २ एचपीला ५ केव्हीएच्या खाली घेऊ नका, मग दोन मशीन वागवण्यापेक्षा एक बरं.

आणि काहीजण सांगतील की इंजिनच्या पुलीवरूनच पट्टा काढू. विहिरी फोडायला ट्रॅक्टरवर कंप्रेसर असतो तो असाच फिरतो, पण ट्रॅक्टरला त्यासाठी पीटीओ, म्हणजे बाहेरची मशीन फिरवायचा मागचा शाफ्ट, दिलेला असतो. पिकअपच्या बोनेटमध्ये तेवढी जागाही नाही आणि वॉरंटी, पासिंग दोन्हीकडे कटकट. सोडून द्या.

तरीही इन्व्हर्टरच हवा असेल, आवाज नको, सोसायट्यांमध्ये काम आहे, तर ७५० वॉटचा ऑइल-फ्री कंप्रेसर, प्युअर साईनवेव्ह (घरच्या लाईनसारखी वीज देणारा) इन्व्हर्टर ३००० वॉटचा, आणि गाडीची नाही तर वेगळी १०० एएचची (अँपिअर-अवर) लिथियम बॅटरी, तिचा बीएमएस (बॅटरीला सांभाळणारं आतलं सर्किट) मोटार सुटतानाचा झटका झेपणारा बघून, इन्व्हर्टरला अगदी चिकटून, वायर ३५ स्क्वेअर एमएम, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, लग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबलेले. एका चार्जला मोटार तास-सव्वातास फिरते. ती बॅटरी डायनामोवरून डीसी-टू-डीसी चार्जर लावूनच चार्ज करा, थेट जोडली तर ती डायनामोचा जीव काढते. आणि बंद होताना फुस्स आवाज येतो का ऐका, नाही आला तर हेडमध्ये हवा अडकलीय, पुढच्या वेळी मोटार प्रेशरवर सुटायला बघणार आणि कितीही मोठा इन्व्हर्टर असला तरी ट्रिप मारणार.

तुमच्या रस्त्याला ट्रॉल्या जास्त की कार जास्त ते लिहा, आणि घरच्या टाकीवर किती लिटर लिहिलंय तेही बघून सांगा.