झेंडा बाल्कनीत, वाद जिन्यात

प्रश्न: आमच्या संस्थेत तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाने बाल्कनीच्या ग्रिलला समलिंगी चळवळीचा सप्तरंगी झेंडा बांधला आहे. दोन सभासदांची लेखी तक्रार आली: ‘कोणी तसं असलं तर असो, पण जाहिरात कशाला?’ कमिटीने झेंडा उतरवायला सांगावं का? (सचिव, गृहनिर्माण संस्था, ठाणे)

उत्तर: झेंड्याच्या रंगांसाठी सांगू नका. कमिटीने बघायची ती बांधणी. बाहेरच्या भिंतीला भोक पाडलंय का, काठी ग्रिलबाहेर लोंबतेय का, कापड खालच्या घराच्या खिडकीवर येतंय का? असं काही असेल तर लेखी कळवून तेवढं दुरुस्त करून घ्या. मात्र त्याआधी संस्थेची जुनी फाइल उघडा. दिवाळीचे कंदील, गणपतीतल्या माळा, निवडणुकीतले पक्षांचे झेंडे यांच्यासाठी अशी नोटीस कधी निघाली होती का? निघाली नसेल आणि ती पहिल्यांदा याच घराला जात असेल, तर तो नियम राहत नाही, आकस होतो. बाल्कनीत कुठलाच झेंडा नको असं खरंच वाटत असेल, तर तसा उपविधी सर्वसाधारण सभेत सगळ्या झेंड्यांसाठी करावा लागेल. त्याची निबंधकांकडे नोंदणी होईपर्यंत तो लागूही होत नाही. कमिटीने परस्पर फलकावर कागद चिकटवून हे काम होत नाही.

इतिवृत्त लिहिताना एक चूक हमखास होते. ‘समलिंगी मुलाने लावलेला झेंडा’ असं लिहिलं जातं. झेंडा लावणारा स्वतः समलिंगी असतोच असं नाही. बहिणीसाठी, मित्रासाठीही लोक तो लावतात. आणि असला, तरी ते कागदावर आणण्याचा हक्क त्याचा एकट्याचा. ‘बाल्कनीच्या बाहेरील बाजूस बांधलेल्या वस्तूबाबत तक्रार’ एवढं लिहिलं की पुरतं.

कायद्याचं थोडक्यात: सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ च्या कचाट्यातून सोडवले. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. लग्नाला मात्र मान्यता मिळालेली नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने तो विषय संसदेवर सोडला.

१५ ऑगस्ट, २६ जानेवारीला एवढी काळजी घ्यायला सांगा. ध्वजसंहितेप्रमाणे तिरंग्याच्या वर किंवा शेजारी दुसरा झेंडा लावता येत नाही आणि तिरंग्यावर काही लिहिता येत नाही. त्या दिवशी त्याच ग्रिलला तिरंगा लागणार असेल तर दुसरा झेंडा उतरवावा. हे मुलाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऐन झेंडावंदनाला वाद नको.

आता ‘जाहिरात कशाला’. तुमच्याच इमारतीत दारावर नवराबायकोच्या नावांची पाटी आहे, गळ्यात मंगळसूत्र आहे, पोराच्या लग्नात आवारात मांडव पडतो आणि वरात रस्ता अडवते. माझं माणूस कोण, हे आपण सगळेच चारचौघांत सांगत असतो. आपलं सांगणं सवयीचं झालंय, म्हणून ते दिसत नाही. ‘असो, पण दिसू नये’ या अटीवरच्या सहनशीलतेत त्या मुलाला रोज लपावं लागतं, आणि तक्रारदारांना काहीच सोसावं लागत नाही. तक्रारदारांशी बोलताना हे शांतपणे, पण स्पष्ट सांगा. त्यांना तो झेंडा आवडलाच पाहिजे असं नाही. त्यांनी त्याला हात लावू नये, इतकंच.

प्रश्न: मी स्वतः गे आहे. आपल्या चळवळीच्या पदयात्रेत काही जण भडक कपडे, लिपस्टिक, पंख लावून येतात. त्यामुळे लोक आपल्या सगळ्यांनाच हसतात. साधे कपडे सक्तीचे करावेत का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: तुमची धास्ती समजते, पण सक्ती नको. अश्लील कृत्याविरुद्ध न्याय संहितेत कलम २९६ आहे आणि ते वरातीला, विसर्जनाला, पदयात्रेला सारखंच लागू होतं. लिपस्टिक त्यात बसत नाही. तृतीयपंथीयांबाबतच्या १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तर पोशाख, बोलणं, वागणं यांतून आपली लिंगओळख व्यक्त करणं हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग मानलंय. शिवाय इतिहास बघा. जून १९६९ मध्ये न्यूयॉर्कमधल्या समलिंगींच्या स्टोनवॉल बारवर पोलिसांची धाड पडली, तेव्हा उलटून उभे राहिलेल्यांत ‘शोभत नाहीत’ म्हणून हिणवले जाणारे बायकी पुरुष आणि तृतीयपंथीही होते. तुम्ही पँटशर्ट घालून चाला. तुमचं तसं चालणंही लोकांना दिसलं पाहिजे.

प्रश्न: पदयात्रेसाठी झेंडे घरीच शिवायचे आहेत. मापं द्याल का? (तीन मैत्रिणी, नाशिक)

उत्तर: जरूर. आपण सप्तरंगी म्हणतो, पण पट्टे सहाच: वरून तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. गिल्बर्ट बेकर यांनी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्वयंसेवकांच्या मदतीने कापड हाताने रंगवून केलेल्या पहिल्या झेंड्यांना आठ पट्टे होते. गडद गुलाबी कापड मिळेना म्हणून तो गेला, पुढच्या वर्षी फिरोजीही गळाला.

तयार झेंडा १५० बाय ९० सेंमी धरा, म्हणजे प्रत्येक पट्टा १५ सेंमी. मधले चार पट्टे १७ सेंमी रुंद कापा, दोन्हीकडे एकेक सेंमी शिवणीत जातो. सगळ्यात वरचा आणि खालचा मात्र १८ सेंमी हवा, कारण त्यांची बाहेरची कड दुहेरी दुमडायची असते. सगळे १७ चेच कापले की तांबडा आणि जांभळा बारीक दिसतात, आणि ते दुरून लगेच कळतं. लांबी १६० सेंमी ठेवा: मोकळ्या टोकाच्या दुमडीला २, काठी घालायच्या नळीला ८. तीन सेंमी जाडीची काठी त्यात आरामात जाते.

३६ इंची पन्ह्याचं सुती कापड प्रत्येक रंगाचं पावणेदोन मीटर घेतलं तर चार झेंडे निघतात. पट्टे कापडाच्या लांबीतच कापा, आडवे कापले तर जोड द्यावा लागतो. कापण्याआधी प्रत्येक रंग वेगवेगळ्या बादलीत रात्रभर भिजवून वाळवा. सुती कापड आटतं, आणि न भिजवलेला तांबडा पहिल्याच घामाच्या हाताने पिवळ्यावर उतरतो. शिवण झाल्यावर कड एका बाजूला दाबून दुसरी टीप घाला. वाऱ्यात झेंडा आधी फाटतो तो मोकळ्या टोकाला, म्हणून तिथली टीप तिहेरी असू द्या.