कार्यशाळा होऊनही प्राध्यापकांचं शिकवणं बदलत नाही, काय करावं? (नाशिक)

एकदिवसीय कार्यशाळेतून प्रमाणपत्र मिळतं, सवय बदलत नाही. तीन-चार इच्छुक प्राध्यापक घ्या, पद्धत एकच. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांची सोपी: तासाच्या मध्येच बहुपर्यायी प्रश्न. उदा. ‘बोर्डो मिश्रणात चुना कमी पडला तर सामू (pH) वाढेल की घटेल?’ (हे द्राक्षावर फवारायचं बुरशीनाशक, त्यामुळे द्राक्षपट्ट्यातली पोरं लगेच जागी होतात.) उत्तर रंगीत कार्डानं, हात वर करायला सांगितलं की सगळे हुशार मुलाकडे बघतात. 30 ते 70 टक्के बरोबर आले तर शेजाऱ्याशी दोन मिनिटं चर्चा, मग पुन्हा कार्ड. त्याहून कमी असतील तर परत शिकवा. गाडं अडतं ते असे प्रश्न बनवताना, म्हणून वेळापत्रकातच आठवड्याला एक तास मोकळा ठेवा. एकमेकांचे तास जरूर बघू द्या, पण ती टिपणं मूल्यमापनाच्या फाइलीत नकोत. नाहीतर घोटवलेला तासच बघायला मिळेल.