लॉगरिदमचे नियम पाठ आहेत, तरी गणितात चुका होतात. ते नीट कसे समजून घ्यावेत?

तुम्ही अकरावी सायन्सला आहात, नियम तोंडपाठ आहेत, तरी लॉग (अ + ब) दिसलं की हात आपसूक लॉग अ + लॉग ब लिहून मोकळा होतो, असं तुम्ही म्हणता. फोंड्याला माझ्याकडे शिकवणीला येणारी हुशार मुलंही नेमकी इथेच अडतात. कारण नियम पाठ असतात, पण लॉग म्हणजे काय ते डोळ्यांसमोर नसतं.

लॉग म्हणजे घातांक. (आपल्याकडे गोव्यात पाचवीपासून गणित बहुतेक इंग्रजीतून असतं, तेव्हा हवं तर पॉवर म्हणा.) २ चा पाचवा घात ३२, म्हणून पाया २ असताना ३२ चा लॉग ५. आता ८ × ४ करून बघा. ८ मध्ये २ तीनदा, ४ मध्ये दोनदा; गुणाकारात एकूण पाचदा. संख्यांचा गुणाकार झाला, घातांकांची बेरीज झाली. हाच पहिला नियम. भागाकारात घातांक वजा होतात. आणि ८ चा वर्ग म्हणजे ८ × ८, तिथे ३ दोनदा मिळवायचे, म्हणून वर्गातला २ लॉगच्या पुढे येतो.

आता ८ + ४. उत्तर १२, आणि १२ हा २ चा कुठलाच पूर्ण घात नाही. घातांकांचा बेरजेसाठी नियमच नाही, मग लॉगचा कुठून येणार? शंका आली की सोपे आकडे घाला: पाया १० घेतला तर लॉग १० + लॉग १० होतात २, पण लॉग २० आहे १.३०१०. आणखी एक सापळा: पाया २ घेऊन लॉग ८ भागिले लॉग २ केलं तर ३ येतात, पण लॉग (८ ÷ २) येतो २.

जॉन नेपियरने १६१४ साली लॉगरिदम प्रसिद्ध केले ते मोठमोठ्या गुणाकारांची बेरीज व्हावी म्हणूनच. १० या पायाची कोष्टकं पुढे हेन्री ब्रिग्जने केली. तुम्हीही एक कोष्टक करा. लॉग २ = ०.३०१० आणि लॉग ३ = ०.४७७१ एवढेच घ्या आणि ४, ५, ६, ८, ९, १२ यांचे लॉग काढा. ५ पाशी थोडं थांबाल. ५ म्हणजे १० ÷ २, म्हणून १ − ०.३०१० = ०.६९९०. ७ मात्र येणार नाही, आणि का येणार नाही ते स्वतःच शोधा. पुस्तकातली वीस गणितं सोडवण्यापेक्षा हे मला जास्त मोलाचं वाटतं.

समीकरणांत एक पथ्य पाळाच. पाया २ असताना लॉग क्ष + लॉग (क्ष − २) = ३ असेल, तर क्ष(क्ष − २) = ८, म्हणजे क्ष ४ किंवा −२. इथे पेन खाली ठेवू नका. दोन्ही किमती मूळ समीकरणात घाला: वास्तव संख्यांत ऋण संख्येला लॉग नसतो, म्हणून −२ बाद, उत्तर फक्त ४. नियम लावून दोन लॉग एकत्र केले की ही अट नजरेआड होते, म्हणून लॉगच्या कंसात जे आहे ते शून्याहून मोठं हवं, हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवा.