यूकेत बसून फ्रीलान्स काम करतोय, टॅक्स कुठं भरायचा आणि अकाउंटंट कसा शोधायचा?

दादा, तुम्ही लिहिलंय की तुम्ही मूळचे उदगीरचे, बायकोच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर डिपेंडंट म्हणून मँचेस्टरला आलात, जून २०२५ पासून घरी बसून वेबसाईटची कामं घेताय, निम्मे पैसे पुण्याच्या कंपनीकडून भारतातल्या खात्यात पडतात, निम्मे इथल्या गिऱ्हाइकांकडून येतात, आणि गावाकडचा सीए म्हणायलाय की भारतात रिटर्न भरलं की विषय संपला. नाही संपत दादा, आणि सगळा घोळ नेमका तिथंच होतो.

मी परभणीची, लेस्टरला असते. मी पण नवऱ्याच्या व्हिसावरच आले आणि इथं सेल्फ एम्प्लॉइड म्हणून मुलांना ऑनलाईन गणित शिकवते, त्यामुळं हे सगळं फॉर्म-बिर्म माझ्या हाताखालून गेलेलं आहे. सीए नाहीये मी, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

पहिली गोष्ट, काम कुठं बसून केलं ते बघतात, पैसे कुठल्या खात्यात आले ते नाही. तुम्ही मँचेस्टरला खुर्चीवर बसून वेबसाईट बनवली तर तो धंदा यूकेतला, मग पुण्याच्या कंपनीनं उदगीरच्या खात्यात रुपयात टाकू द्या नाहीतर आणखी कुठं टाकू द्या. लई जण म्हणतात तिकडं घेतले की इकडं कुणाला कळतंय. दोन्ही देश एकमेकांना बँक खात्यांची माहिती दरवर्षी पाठवतात, त्यामुळं कळतंय. रुपयातली कमाई पाऊंडात बदलून दाखवायची, त्यासाठी एचएमआरसी (इथलं सरकारी टॅक्स खातं) स्वतःच दर जाहीर करते, तेच वापरा, गूगलवर त्या दिवशी दिसला तो भाव नको. आणि जाता जाता, डिपेंडंटला स्वतःचा धंदा चालतो पण तुमच्या मिसेसना त्यांच्या व्हिसावर असं मोकळं फ्रीलान्सिंग चालत नाही, म्हणून बिलं तुमच्याच नावानं काढा, सोय म्हणून त्यांच्या नावानं काढू नका.

आता तारखा. इथलं वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल (आपल्या ३१ मार्चशी काही मेळ बसत नाही). वर्षात धंद्याची जमा १,००० पाऊंडच्या वर गेली की नाव नोंदवावं लागतं. तुमचं पहिलं वर्ष २०२५-२६, म्हणजे ५ ऑक्टोबर २०२६ च्या आत सेल्फ असेसमेंटसाठी (आपला टॅक्स आपणच काढून रिटर्न भरायची पद्धत) नोंदणी. मग पोस्टानं दहा आकडी यूटीआर, म्हणजे तुमचा टॅक्स नंबर, येतो, तो यायला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. ऑनलाईन रिटर्न आणि पैसे, दोन्ही ३१ जानेवारी २०२७ पर्यंत. रिटर्नला एक दिवस जरी उशीर झाला तरी १०० पाऊंड दंड, भले टॅक्स शून्य असू दे.

पैशाचं नीट सांगते, कारण पहिल्या जानेवारीत भल्याभल्यांना घाम फुटतो. समजा खर्च वजा जाता तुमचा नफा ३०,००० पाऊंड. त्यातले १२,५७० माफ. उरले १७,४३०, त्यावर २० टक्के इनकम टॅक्स म्हणजे ३,४८६, आणि क्लास ४ नॅशनल इन्शुरन्स (धंदेवाल्यांनी टॅक्ससोबत भरायची सरकारी वर्गणी) ६ टक्के म्हणजे १,०४५.८०. एकूण ४,५३१.८०. माणूस तेवढे बाजूला ठेवून निवांत बसतो. पण टॅक्सचं बिल १,००० च्या वर गेलं आणि तो टॅक्स आधी कुठं कापला गेलेला नसला की पुढच्या वर्षाचा अ‍ॅडव्हान्स पण मागतात, त्याला पेमेंट ऑन अकाउंट म्हणतात, अर्धा जानेवारीत अर्धा जुलैत. म्हणजे ३१ जानेवारीला ४,५३१.८० अधिक २,२६५.९० असे मिळून ६,७९७.७० द्यायचे आणि ३१ जुलैला परत २,२६५.९०. म्हणून मी तर म्हणते गिऱ्हाइकाचे पैसे जमा झाले की पहिल्या वर्षी पाव हिस्सा उचलून वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याचं कार्डच घेऊ नका. पुढच्या वर्षी कमाई कमी होणार हे दिसत असेल तर अ‍ॅडव्हान्स कमी करून मागता येतो, पण उगीच कमी केला तर व्याज लागतं. आणि हे दर इंग्लंडचे आहेत, उद्या स्कॉटलंडला शिफ्ट झालात तर इनकम टॅक्सचे टप्पे वेगळे.

आता भारताची बाजू, आणि हे तुमच्या सीएला पण वाचायला द्या. पुण्याची कंपनी तुम्हाला अजून भारतातलाच रहिवासी धरून टीडीएस कापत असणार. त्यांना लेखी कळवा की मी आता नॉन रेसिडेंट आहे, एचएमआरसीकडून सर्टिफिकेट ऑफ रेसिडेन्स (टॅक्ससाठी यूकेचे रहिवासी असल्याचा दाखला) मागवून त्यांना द्या. भारत आणि यूकेचा १९९३ चा दुहेरी टॅक्सचा करार आहे, आणि त्या करारात भारताला जेवढा हक्क दिलाय तेवढ्याच टॅक्सचं क्रेडिट इथं मिळतं, म्हणजे तेवढाच इथल्या टॅक्समधून वजा होतो. कंपनीनं जास्तीचा कापला तर इथं कुणी भरून देत नाही, तो तिकडं रिटर्न भरून परत मागावा लागतो. गावातलं साधं सेव्हिंग खातं पण तसंच चालू ठेवता येत नाही, एनआरओ (परदेशात राहणाऱ्याचं भारतातल्या कमाईसाठीचं खातं) करून घ्या.

अन शेती! आपल्याकडं कुणी विचारतच नाही हे. सातबारा तुमच्या नावावर असेल आणि जमीन ठोक्यानं दिलेली असेल तर त्याचे पैसे भारतात माफ आहेत, पण यूकेत माफ नाहीत, कारण इथल्या रहिवाशाला जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं. एनआरई खात्याच्या (परदेशातली कमाई भारतात ठेवायचं खातं) व्याजाचं पण तसंच. कुणीतरी तुम्हाला सांगेल की एप्रिल २०२५ पासून नवीन स्कीम आलीय, आधीची सलग दहा वर्षं यूकेचे रहिवासी नसलेल्यांना पहिली चार वर्षं परदेशी उत्पन्नावर सूट. खरंय ते. पण ती सूट घेतली की त्या वर्षीची १२,५७० ची माफी जाते, म्हणजे तुमच्यासारख्याला २,५१४ पाऊंडचा फटका. दोन लाखाच्या ठोक्यावर इथं टॅक्स बसणार फार तर तीन-साडेतीनशे पाऊंड. मग कामून घ्यायची ती सूट? ज्याचं तिकडं लई मोठं भाडं, व्याज येतंय त्यानं घ्यावी. जमीन वडलांच्या नावावर असेल आणि पैसे तेच घेत असतील तर मग हा प्रश्नच तुमचा नाही.

अकाउंटंटबद्दल. तुम्हाला दोन माणसं लागतील, एकात भागत नाही. गावाकडचा सीए वाईट आहे असं नाही, पण यूकेचं रिटर्न हे त्याचं कामच नाही, आणि इथल्या बहुतेकांना सातबारा कशाशी खातात माहीत नसतं. इथलं एक लक्षात घ्या, यूकेत 'अकाउंटंट' अशी पाटी कुणीही लावू शकतं, कायद्यानं त्या शब्दाला काही बंधन नाही. त्यामुळं माणूस एसीसीए किंवा आयसीएईडब्ल्यू या अकाउंटंटांच्या संस्थांचा मेंबर आहे का ते त्या संस्थेच्या साईटवर नाव टाकून बघा, आणि मनी लाँडरिंगच्या (काळा पैसा पांढरा करण्याच्या) कायद्यासाठी त्याच्यावर कोणत्या संस्थेची देखरेख आहे ते सरळ विचारा, ती असावीच लागते. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून नावं जरूर घ्या, मी पण तसंच घेतलं होतं, पण 'आपला माणूस आहे' एवढ्यावर काम देऊ नका. तिकडच्या सीएचं पण तसंच, आयसीएआयचा (भारतातल्या सीएंची संस्था) मेंबर नंबर विचारायला लाजू नका, त्यानं दिलेल्या सर्टिफिकेटवर यूडीआयएन (सर्टिफिकेट खरं आहे का ते तपासायचा नंबर) आहे का बघा.

पहिल्या फोनवर मी दोनच गोष्टी विचारेन. एक, परदेशी उत्पन्नाचं पान, एसए१०६, तुम्ही आधी भारतवाल्या कुणाचं भरलंय का. दुसरं, फी ठरलेली आहे की तासावर. तासावर असेल तर सोडा, आपल्याला दर ईमेल पाठवताना धडकी भरते आणि मग आपण विचारायचंच बंद करतो. रिफंडमधले टक्के मागणारा असेल तर फोन ठेवून द्या. काय काय करणार ते एंगेजमेंट लेटरमध्ये (कामाच्या कराराचं पत्र) लिहून घ्या. आणि गव्हर्नमेंट गेटवेचा (एचएमआरसीच्या साईटवरचं तुमचं लॉगिन) पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही, अकाउंटंटला एजंट म्हणून जोडायची वेगळी सोय आहे. त्यानं आकडा चुकवला तरी नोटीस तुमच्याच नावानं येते, म्हणून पाठवायच्या आधी रिटर्न स्वतः वाचा, नाही कळलं तर विचारा, त्याचेच पैसे देतोय आपण.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी माणूस लावा, नीट शिका, आणि पुण्याचं काम सुटलं, शेतीबितीचं काही नसलं तर पुढं स्वतः भरा, साईट सोपी आहे. फक्त एक, २०२५-२६ ची जमा ३०,००० च्या वर गेली (नफा नाही हां, खर्च वजा करायच्या आधीची जमा) तर ६ एप्रिल २०२७ पासून मेकिंग टॅक्स डिजिटल लागू होतं, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये हिशोब आणि दर तिमाहीला अपडेट. तेव्हा वहीतला हिशोब आत्ताच बंद करा. आणि अकाउंटंट ऑगस्ट-सप्टेंबरातच धरा, जानेवारीत चांगली माणसं नवीन गिऱ्हाईक घेत नाहीत, घेतलं तर फी वाढवून घेतात.